पटलमीलन आणि त्याचे नियमन करणारी प्रथिने

पटलाने वेढलेले दोन कप्पे एकमेकांना भिडून त्यांची पटले एकसंध होणे आणि आतील द्रव्ये एकत्र येणे, या क्रियेस पटलमीलन म्हणतात. दृश्यकेंद्रकी पेशीत एका अंगकातून दुसऱ्या अंगकाकडे माल जातो तो पुटिकांमधून. पुटिका म्हणजे पटलाचीच चिमुकली पिशवी. ती उगमाच्या पटलापासून खुडली जाते, वाट चालते आणि मुक्कामाच्या पटलात सामावून जाते. स्वादुपिंडातील इन्शुलिन रक्तात येणे, चेतापेशीने स्नायूला निरोप देणे, लयकारिकेत टाकाऊ द्रव्य पचणे, या सर्वांत मीलनाची पायरी चुकत नाही. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल आणि प्रद्रव्यपटल यांची रचना व क्रम अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रातून परिचित असल्याने येथे पुन्हा दिलेले नाहीत. मीलन कोठे, केव्हा आणि कोणत्या प्रथिनांच्या हुकमाने होते, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

संज्ञा : जुन्या परिभाषेतील ‘कोशिका’ऐवजी पाठ्यपुस्तकांत रुळलेला ‘पेशी’ हा शब्द येथे घेतला आहे. प्रथिनांच्या नावांबाबत मात्र एक खुलासा आवश्यक आहे, कारण देवनागरीत लिहिताना घोटाळा हमखास होतो. ‘स्नॅप’ या नावाची दोन निराळी प्रथिने आहेत. आल्फा-स्नॅप हे पेशीद्रवातील विद्राव्य प्रथिन असून ते पटलावरील प्रथिनांना चिकटून एनएसएफ या विकराला तेथे बोलावते. स्नॅप-२५ हे चेतापेशीच्या पटलाला जखडलेले प्रथिन आहे. त्याच्या नावातील २५ हा आकडा रेणुभाराचा (सुमारे २५ किलोडाल्टन) आहे. दोन्ही नावे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या कारणांनी पडली आणि आद्याक्षरे जुळली हा निव्वळ योगायोग. पुढे आल्फा-स्नॅपला पटलावर धरून ठेवणारे ‘ग्राहक’ शोधले गेले, तेव्हा त्यांना ‘स्नॅप-ग्राहक’ या अर्थाने ‘स्नेअर’ म्हटले गेले, आणि त्या ग्राहकांपैकी एक नेमके स्नॅप-२५ निघाले. विद्यार्थ्यांनी हे दोन स्नॅप सुरुवातीलाच वेगळे करून घ्यावेत; नाहीतर पुढचे काहीच नीट लागत नाही.

अडथळा : ठाण्यात मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीच्या ताटलीत रश्श्यावर तरंगणारी तर्री निरखून पाहिली, तर या क्रियेचा निम्मा भाग डोळ्यांना दिसतो. तेलाचे दोन लाल थेंब चमच्याच्या टोकाने जवळ ढकलले तरी ते क्षणभर नुसतेच टेकून राहतात. मध्ये पाण्याचा एक पातळ पापुद्रा उरलेला असतो. तो फाटला की पापणी लवण्याआधी दोहोंचा एक थेंब होतो. पेशीतील पटलांनाही आधी मधले पाणी हटवावे लागते, आणि ते तर्रीपेक्षा कितीतरी अवघड आहे. पटलाच्या मेदरेणूंची जलस्नेही डोकी पाण्याला घट्ट धरून असतात, शिवाय त्यांवरील विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात. दुसरे असे की तेलाचा थेंब आतून-बाहेरून तेलच असतो, पटल मात्र दुपदरी आहे. त्यामुळे मीलन दोन टप्प्यांत होते. समोरासमोरचे बाहेरील पदर आधी जुळतात आणि त्यांच्यात देठासारखा चिंचोळा जोड तयार होतो. या अवस्थेस अर्धमीलन म्हणतात. नंतर आतील पदर जुळून छिद्र उघडते आणि माल पलीकडे जातो. देठाची ही कल्पना १९८० च्या दशकात सैद्धांतिक गणितातून पुढे आली व आज ती सामान्यतः स्वीकारली जाते. मात्र जिवंत पेशीत प्रत्येक मीलन याच वाटेने जाते असे म्हणणे अजून धाडसाचे ठरेल. हा अडथळा ओलांडण्यासाठी लागणारी ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ४० पट असावी असा अंदाज केला जातो. मेदांच्या मिश्रणानुसार तो बदलतो.

इतका मोठा अडथळा ही पेशीची अडचण वाटते, पण तीच तिची सोय आहे. पटले आपोआप मिळाली असती तर लयकारिकेतील विकरे कोठेही सांडली असती आणि कप्पे ही कल्पनाच उरली नसती. म्हणून नियमनाचा विचार करताना मीलन घडवणाऱ्या प्रथिनांइतकेच ते थोपवून धरणाऱ्या आणि नंतर सर्व मोडून पुन्हा सज्ज करणाऱ्या प्रथिनांकडे पाहावे लागते. या विषयाच्या इतिहासातील बहुतेक वाद या तिसऱ्या कामाचा अर्थ लावण्यावरून झाले आहेत.

इतिहास : स्रावी प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलात आणि तेथून पुटिकांतून पेशीबाहेर जातात, हे जॉर्ज पलाडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडावर किरणोत्सारी खुणेचा माग काढून दाखवले. त्यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक अल्बर्ट क्लॉड व क्रिस्तियां द द्यूव्ह यांच्यासह मिळाले. वाट कळली, यंत्रणा मात्र कळली नव्हती.

ती दोन टोकांकडून उलगडली. रँडी शेकमन व त्यांचे विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी पाव फुगवणारे साधे किण्व निवडले. २५ अंश सेल्सिअसला धडधाकट, पण ठाण्यात उन्हाळ्याच्या कडक दुपारी पारा जेथे जातो त्या ३७ अंशांवर स्राव अडणारी उत्परिवर्तिते त्यांनी वेचली. वेचण्याची युक्ती सुंदर होती. स्राव थांबला की पृष्ठभाग वाढत नाही, पण आत प्रथिने तयार होतच राहतात; पेशी जड होते आणि घनतेच्या स्तंभात तळाशी जाते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या उत्परिवर्तितात, म्हणजे सेक-१ मध्ये, पेशी न फुटलेल्या पुटिकांनी खच्चून भरलेली दिसली. वाहतूक होत होती, मीलन होत नव्हते. १९८० पर्यंत असे २३ जनुक-गट हाती आले.

जेम्स रॉथमन यांनी उलट बाजूने, पेशी फोडून, गॉल्गीच्या तुकड्यांमधील वाहतूक परीक्षानळीत घडवली. एन-एथिलमॅलेइमाइड हे रसायन घातले की ती थांबते, आणि एक विशिष्ट प्रथिन परत घातले की पुन्हा सुरू होते. या प्रथिनास ‘एन-एथिलमॅलेइमाइडला संवेदनशील घटक’, संक्षेपाने एनएसएफ, म्हणतात. ते १९८८ मध्ये शुद्ध करण्यात आले. पुढच्याच वर्षी हे प्रथिन आणि किण्वातील सेक-१८ एकच असल्याचे कळले. प्राण्याच्या पेशीतले जैवरसायन आणि किण्वाचे आनुवंशिकीशास्त्र एकाच रेणूपाशी येऊन भेटले, हा या शाखेतील अत्यंत आनंदाचा क्षण मानावा लागेल.

याच रेणूची तिसरी वाट मुंबईशी जोडलेली आहे, आणि मराठी वाचकांपर्यंत ती फारशी पोचलेली नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये आण्विक जीवशास्त्राचा विभाग उभारणारे ओबेद सिद्दिकी यांनी सीमूर बेंझर यांच्यासह १९७६ मध्ये फळमाशीच्या काही विलक्षण उत्परिवर्तितांचे वर्णन केले. तापमान चढवले की या माश्या लुळ्या पडत. त्यांतील एक जात पुन्हा थंडाव्यात आणल्यावरही लवकर शुद्धीवर येत नसे, म्हणून तिचे नाव ‘कोमाटोज’ पडले. या जनुकाचे कार्य जवळजवळ दोन दशके कोडे राहिले. १९९५ मध्ये ते एनएसएफचेच जनुक निघाले. माशीचे लुळे पडणे आणि किण्वाचे तुंबणे यांमागे एकच बिघाड होता.

स्नेअर प्रथिने : एनएसएफ व आल्फा-स्नॅप यांना गळासारखे वापरून रॉथमन यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये गाईच्या मेंदूतून त्यांचे ग्राहक ओढून काढले. हाती आलेली प्रथिने अनोळखी नव्हती. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन आणि चेतापेशीच्या पटलावरील सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ ही तिन्ही आधीच वर्णिलेली होती. त्यांचे काम तेवढे माहीत नव्हते. एक पुटिकेवर, दोन मुक्कामावर, ही मांडणीच बोलकी होती.

या प्रथिनांचे सर्पिल भाग एकमेकांभोवती वळून चार पदरांची जुडी बनवतात. सिनॅप्टोब्रेव्हिन व सिंटॅक्सिन एकेक पदर देतात, स्नॅप-२५ दोन देते. दप्तराची चेन एका टोकाकडून लागत जावी तशी ही जुडी पटलांपासून दूरच्या टोकाकडून पटलांच्या दिशेने वळत येते आणि दोन्ही पटलांना जवळ खेचते. १९९८ मध्ये क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनेत सुमारे १२ नॅनोमीटर लांबीची ही जुडी स्पष्ट दिसली. तिच्या गाभ्यात जलविरोधी अमिनो आम्लांचे थर एकावर एक रचलेले आहेत, आणि बरोबर मध्यावर एक थर वेगळा आहे. तेथे तीन पदर ग्लुटामिन देतात व चौथा आर्जिनिन. त्यावरून क्यू-स्नेअर आणि आर-स्नेअर असे वर्गीकरण रूढ झाले. पूर्वीच्या ‘पुटिकेवरचे’ व ‘मुक्कामावरचे’ या विभागणीपेक्षा ते अधिक निर्दोष आहे, कारण एकाच प्रकारच्या दोन अंगकांच्या मीलनात कोणाला पुटिका म्हणावे हाच प्रश्न पडतो. मानवात सुमारे ३८ स्नेअर प्रथिने मोजली जातात, किण्वात २४.

जुडी विलक्षण चिवट असते. प्रथिने उलगडणारा तीव्र साबण घातला तरी ती टिकते. सोडवायला ८० अंशांच्या वर तापवावी लागते. १९९८ मध्येच केवळ स्नेअर प्रथिने बसवलेल्या कृत्रिम मेदगोळ्यांचेही मीलन होते असे दाखवण्यात आले आणि स्नेअर हे मीलनाचे किमान यंत्र असल्याचा दावा पुढे आला. मात्र हे मीलन मिनिटांच्या हिशेबात चालत होते. चेतापेशीत कॅल्शियम आत आल्यापासून पुटिका उघडेपर्यंत एक मिलिसेकंदही लागत नाही. किमान यंत्र आणि पुरेसे यंत्र यांतील हे अंतर इतर प्रथिनांनी भरलेले आहे.

एका पुटिकेस किती जुड्या लागतात, याबद्दल एकमत नाही. मेंदूतील सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिनचे साधारण ७० रेणू असतात, तेव्हा तुटवडा नक्कीच नाही. मेदगोळ्यांच्या एका प्रयोगमालेत एकच जुडी पुरेशी ठरली, जिवंत पेशींतील मोजमापांतून दोन किंवा तीन हे आकडे आले. मीलन होणे आणि ते वेगाने होणे यांना वेगळी संख्या लागत असावी, हा समेट प्रस्तुत लेखकास पटतो.

एनएसएफच्या भूमिकेचा वाद : एनएसएफ हे सहा घटकांचे कडे असून एटीपीची ऊर्जा वापरते. १९९३ मध्ये प्रथम मांडलेल्या स्वरूपात ‘स्नेअर गृहीतक’ असे होते की, पुटिका टेकल्यावर एनएसएफ जुडी मोडते आणि त्यातून सुटणारी ऊर्जाच मीलन घडवते. ऊर्जा वापरणारा एकमेव घटक हाच, तेव्हा जोर लावणाराही हाच, हा तर्क स्वाभाविक होता. तो टिकला नाही. १९९६ मध्ये विल्यम विकनर यांच्या गटाने किण्वातील रिक्तिकांच्या मीलनाचे टप्पे वेगळे केले. सेक-१७ व सेक-१८, म्हणजे अनुक्रमे आल्फा-स्नॅप व एनएसएफ, यांचे काम रिक्तिका एकमेकींना टेकण्याआधीच उरकते असे त्यांना आढळले. सुरुवातीचा हा टप्पा पार पडल्यावर त्यांना रोखणारी प्रतिपिंडे घातली तरी मीलन थांबेना. तापवलेल्या ‘कोमाटोज’ माश्यांच्या चेतापेशींत न मोडलेल्या जुड्या साचलेल्या सापडल्या, त्याही याच अर्थाला दुजोरा देतात.

आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला अर्थ असा : जोर जुडी वळण्यातून येतो. एकदा मीलन झाले की जुडीचे चारही पदर एकाच पटलावर पडून राहतात, निरुपयोगी पण घट्ट. एनएसएफ एटीपी खर्चून त्यांना उलगडते आणि प्रत्येकाला पुन्हा कामावर पाठवते. धनुष्याची दोरी ताणणारा आणि बाण सोडणारा वेगळे, असे म्हणता येईल. तरीही वाद पूर्ण मिटलेला नाही. जुडी अर्धवट वळून अडली असता सेक-१७ तिला मदतीचा रेटा देते, असे किण्वाच्या रिक्तिकांवरील नंतरच्या कामातून दिसते. गृहीतकाच्या पहिल्या रूपातला एक धागा यातून परत आला आहे. चेतापेशीत तो कितपत लागू पडतो हे सांगण्याइतका पुरावा नाही.

पत्ता कोण वाचतो : स्नेअर गृहीतकाचे दुसरे अंग म्हणजे, कोणती पुटिका कोठे मिळावी हे स्नेअरच्या जोड्यांवरूनच ठरते. किण्वातील स्नेअर मेदगोळ्यांत बसवून केलेल्या २००० च्या प्रयोगांत, पेशीत ज्यांची जोडी असते त्याच बहुतांशी जुळल्या. याच्या आसपास झालेल्या इतर प्रयोगांत मात्र द्रावणातील स्नेअर परक्या जोडीदारांबरोबरही तितक्याच सहज वळताना दिसले. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात गोणीवर व्यापाऱ्याची खूण असते, पण गोणी योग्य गाळ्यात पोचते ती त्या एका खुणेमुळे नव्हे. गाडीची आवक नोंदणारा, मापाडी, माथाडी असे एकेक जण तिच्याकडे पाहतात आणि चुकीची गोणी कोठेतरी अडते. पेशीतही पत्ता अनेक ठिकाणी तपासला जातो, असेच आता मानले जाते.

पहिली तपासणी रॅब प्रथिनांची. जीटीपी हा एटीपीसारखाच छोटा रेणू धरला असता ही प्रथिने पटलावर जाऊन बसतात, त्यातील एक फॉस्फेट सुटून त्याचे जीडीपी झाले की उतरतात. मानवात साठाहून अधिक रॅब असून प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. उदाहरणार्थ, रॅब-५ सुरुवातीच्या अंतर्ग्राही कप्प्यावर, रॅब-७ पुढच्या टप्प्यावर. यांतील पहिले महत्त्वाचे उदाहरण किण्वातील सेक-४ होय. रॅब स्वतः पटले जोडत नाहीत. ते बंधक प्रथिनांना बोलावतात. न्हावा-शेव्याला जहाज धक्क्याला लागण्याआधी दोर पोचतात, तसे हे बंधक. काही लांब दोरीसारखे असतात, काही अनेक घटकांची संकुले. प्रद्रव्यपटलाजवळील एक्सोसिस्ट संकुलात आठ घटक आहेत, रिक्तिकेवरील हॉप्स संकुलात सहा. बंधकांची यादी लांबत चालली आहे, पण त्यांतील बऱ्याच संकुलांची प्रत्यक्ष हालचाल फार थोड्या ठिकाणी पाहिली गेली आहे.

मंक-१८ व मंक-१३ : सेक-१ च्या कुळातील प्रथिनांना एसएम प्रथिने म्हणतात. चेतापेशीतील त्यांचा प्रतिनिधी मंक-१८ सिंटॅक्सिनला मिटलेल्या अवस्थेत घट्ट धरतो. त्यामुळे बराच काळ त्याला अडवणारा समजले गेले. तसे असते तर तो काढून टाकल्यावर स्राव वाढायला हवा होता. २००० मध्ये मंक-१८ नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या मेंदूत चेतापारेषकाचा स्राव पूर्ण बंद आढळला. चेतापेशींची जोडणी मात्र झालेली होती. आता पाहिले तर सेक-१ उत्परिवर्तिताने १९७९ मध्येच हे सांगितले होते. सध्याच्या मतानुसार मंक-१८ सिंटॅक्सिनला चुकीच्या जोडीदारांपासून दूर ठेवते, मंक-१३ हे दुसरे प्रथिन ते उघडण्यास मदत करते आणि मग मंक-१८ च्या अंगावरच जुडीची सुरुवात साचेबद्ध होते. या वाटेने बनलेली जुडी एनएसएफच्या मोडतोडीतून बचावते, हे २०१३ मध्ये शुद्ध प्रथिनांच्या प्रयोगातून दिसले. रॉथमन व थॉमस स्यूडहोफ यांनी २००९ च्या संयुक्त आढाव्यात एसएम प्रथिनांना स्नेअरच्या बरोबरीचे स्थान दिले. शेकमन, रॉथमन व स्यूडहोफ यांना २०१३ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

कॅल्शियमचा इशारा : सिनॅप्टोटॅग्मिन-१ हे पुटिकेवरील प्रथिन कॅल्शियमची जाणीव ठेवते. त्याचे दोन सी-२ विभाग कॅल्शियम धरताच पटलाच्या मेदांत शिरतात आणि थांबलेले मीलन सुटते. हे जनुक नसलेल्या उंदरांत वेगवान स्राव नाहीसा होतो, संथ स्राव राहतो (१९९४). कॉम्प्लेक्सिन हे छोटे प्रथिन जुडीला चिकटते. ते जुडीला अखेरच्या क्षणापर्यंत रोखते की मदत करते, याची उत्तरे प्राण्यागणिक वेगळी येतात. दोन्ही कामे ते करत असावे.

विषे आणि विकार : स्नेअर प्रथिनांचे महत्त्व सर्वांत निर्विवादपणे सिद्ध केले ते जीवाणूंच्या विषांनी. धनुर्वाताचे विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापते, हे १९९२ मध्ये कळले. बोटुलिनमचा ए प्रकार स्नॅप-२५ च्या टोकाची अवघी नऊ अमिनो आम्ले कापतो आणि तेवढ्याने स्राव थांबतो. सी प्रकार सिंटॅक्सिनही कापतो. दोन्ही विषे जस्तयुक्त विकरे असून कारागिरी सारखीच. परिणाम मात्र उलटे. बोटुलिनम स्नायूजवळच्या चेतापेशीत राहते, त्यामुळे स्नायू ढिले पडतात. धनुर्वाताचे विष चेतातंतूतून उलटे चढून मेरुरज्जूतील अवरोधक चेतापेशींत जाते. स्नायूंना आवरणारा निरोप बंद पडतो आणि शरीर धनुष्यासारखे ताठते. मराठीतील रोगनाम त्या ताठण्याचे नेमके चित्र आहे. विष पूर्ण वळलेल्या जुडीला कापू शकत नाही, सुट्या प्रथिनांनाच कापते. म्हणजे जे एनएसएफ प्रत्येक फेरीनंतर प्रथिने सोडवून ठेवते, तेच नकळत त्यांना विषासमोर उघडे करते.

वाशीपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत त्वचा-चिकित्सालयांच्या फलकांवर दिसणारे ‘बोटॉक्स’ म्हणजे हाच ए प्रकार, अत्यल्प मात्रेत. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिन्यांनी ओसरतो. नवजात व मातांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. गरोदरपणी घेतलेल्या लसीमुळे आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे बाळाला मिळतात आणि विषाला चेतापेशीत शिरण्याआधीच गाठतात. विष आत गेल्यावर ती तेथे पोचू शकत नाहीत.

जन्मजात बिघाडही ज्ञात आहेत. मंक-१८ च्या जनुकातील दोषाने तान्ह्या बाळांत तीव्र अपस्मार होतो, हे २००८ मध्ये प्रथम नोंदले गेले. मंक-१३-४, सिंटॅक्सिन-११ आणि मंक-१८-२ यांतील दोषांमुळे मारक लसीकापेशींना आपल्या पुटिका रिकाम्या करता येत नाहीत आणि प्रतिकारयंत्रणेचा अनावर दाह उद्भवतो. रॅब-२७ए च्या दोषात त्याच दाहाबरोबर केस रुपेरी दिसतात, कारण रंगकणांची वाहतूकही याच रॅबवर चालते.

इतर मीलने : आंतर्द्रव्यजालिकेच्या नळ्या व तंतुकणिका एकमेकींत मिळतात त्या स्नेअरशिवाय, जीटीपी वापरणाऱ्या अॅटलास्टिन व मायटोफ्यूजिन यांच्या साहाय्याने. विषाणूंची मीलन-प्रथिनेही वेगळ्या कुळांतील आहेत. वनस्पतींत पेशी विभागताना मधली भिंत उभी राहते ती पुटिकांच्या मीलनातून, आणि त्यासाठी ‘नोल’ नावाचे खास सिंटॅक्सिन लागते.